वाटा तीन, खिंड एकच

पहाटे ५.०० (साडेनऊ तास बाकी)

शुक्रवार, १९ डिसेंबर २००८. आदिलाबादच्या मार्केट यार्डाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग आदल्या रात्रीपासूनच लागली होती. बेला मंडलातल्या आमच्या शेतातून ट्रॅक्टर मध्यरात्री निघाला, तरी पुढे चाळीसेक गाड्या होत्याच. पैनगंगेकडून येणारं वारं हाडात शिरत होतं. बाबा ट्रॉलीवरच्या कापसात कंबरेपर्यंत घुसून झोपले होते. त्या थंडीत त्याहून उबदार अंथरूण दुसरं नव्हतं.

त्या वर्षी सरकारने लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ३,००० रुपये हमीभाव जाहीर केला होता. बाजारात तेवढा भाव मिळेना, म्हणून जो तो माल भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या खरेदीकडे नेत होता. मी हैदराबादेत नोकरीला होतो. तीन दिवसांची रजा काढून, निर्मलचा घाट ओलांडणाऱ्या रात्रीच्या बसने घरी आलो होतो. ट्रॅक्टरवर कोणीतरी घरचं माणूस पाहिजे, एवढंच कारण.

माझं काम नेटवर्कचं. ज्या कंपनीत होतो तिचं नाव इथे नको. साडेतीनशे माणसं ब्रिटनमधल्या एका व्यापारी कंपनीच्या गिऱ्हाइकांचे फोन घेत. माल कधी पोहोचेल, पैसे का कापले गेले, हा डबा बदलून मिळेल का, असे सगळे प्रश्न. हिवाळ्यात लंडनला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे अडीच झालेले असतात. आमचा दिवस त्या अडीचला सुरू व्हायचा. आणि हा नाताळच्या आधीचा शेवटचा शुक्रवार होता, म्हणजे वर्षातला सर्वांत जास्त फोनांचा.

सकाळी ९.१५ (सव्वापाच तास बाकी)

यार्डात दोन वजनकाटे चालू होते. दारातला माणूस गाड्या वाटून देत होता: ही डावीकडे, ती उजवीकडे. पण एक नियम तो कटाक्षाने पाळायचा. एका शेतकऱ्याच्या तीन गाड्या असतील, तर तिन्ही एकाच काट्यावर. एक इकडे आणि दोन तिकडे गेल्या, तर तिसरी गाडी पहिलीच्या आधी वजन होऊन बाहेर पडते, चिठ्ठ्यांचा क्रम मोडतो, हिशेबाला बसलेला कारकून वैतागतो आणि भांडणं सुरू होतात. मग एखाद्याचा माल फार असला तर एक काटा तुंबतो आणि दुसरा मोकळा राहतो. ते चालतं. क्रम मोडलेला चालत नाही.

हे मी तपशिलात सांगतोय, कारण दोन लीज्ड लाइनींवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या खास लाइनींवर, इंटरनेटचा भार वाटण्याचं काम हेच आहे. आमच्याकडे हैदराबादहून युरोपपर्यंत दोन लाइनी होत्या, प्रत्येकी ८ एमबीपीएसच्या. राउटर दारातल्या त्या माणसासारखा उभा असतो. माहितीचं पॅकेट कुठून आलं आणि कुठे जायचंय हे तो बघतो, त्यावरून एक आकडा काढतो आणि त्या आकड्यानुसार लाइन ठरवतो. एका संभाषणाची सगळी पॅकेटं त्यामुळे एकाच वाटेने जातात. एक पॅकेट इकडे आणि एक तिकडे अशी काटेकोर वाटणीही करता येते, दोन्ही लाइनींचे आलेख तेव्हा अगदी सारखे दिसतात. पण दोन वाटांची लांबी सारखी नसते, मागचं पॅकेट पुढे पोहोचतं, आणि फोनवर बोलणाऱ्याचा आवाज फाटतो. म्हणून थोडी असमान वाटणी पत्करायची.

सप्टेंबरात ही वाटणी मी स्वतः सुरू करून दिली होती. त्या दिवसाचा विचार करताना मी नेहमी त्या सप्टेंबरपाशी येऊन थांबतो.

त्याच्या मागे जानेवारी होता. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी-४ आणि फ्लॅग युरोप-आशिया या समुद्राखालच्या दोन केबली एकाच दिवशी तुटल्या. फ्लॅग तुटली ती किनाऱ्यापासून ८.३ किलोमीटरवर. लगेच १ फेब्रुवारीला दुबईपासून ५६ किलोमीटरवर फाल्कन नावाची तिसरी केबल गेली, आणि तिच्याजवळ टाकून दिलेला काही टनांचा नांगर सापडला. इंटरनेट पुरवठादारांच्या संघटनेने भारताची निम्म्याहून जास्त क्षमता गेल्याचं सांगितलं होतं. तेव्हा आमच्याकडे एकच लाइन होती, सी-मी-वी-४ वरून जाणारी. दुरुस्तीला आठवड्यावर दिवस लागले. ते दिवस कंपनीने कसेबसे काढले आणि एप्रिलमध्ये दुसरी लाइन घेतली, दुसऱ्या विक्रेत्याची, फ्लॅगवरून जाणारी.

वाचणाऱ्याच्या मनात जो प्रश्न आला असेल, तो आम्हीही विचारला होता. जानेवारीत दोन्ही एकत्रच तुटल्या, मग ही दुसरी कसली? तिसरा पर्याय होता: चेन्नईहून सिंगापूरकडे, तिथून पॅसिफिक आणि अमेरिका ओलांडून मागच्या दाराने लंडनला. ती लाइन बरीच महाग होती, आणि वाट इतकी लांब की बोलणाऱ्याला उत्तर उशिरा ऐकू येतं. विक्रेत्याचा माणूस म्हणाला, असा योग पुन्हा येत नाही. आम्हाला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं.

उन्हाळाभर दुसरी लाइन राखीव पडून होती. सप्टेंबरात नाताळचं जादा काम आलं, भार १२ एमबीपीएसपर्यंत जाणार असं दिसलं, आणि वरून विचारणा झाली की दर महिन्याला पैसे मोजतोय ती लाइन रिकामी का? मी दोन्ही लाइनींवर भार वाटला. सहा इकडे, सहा तिकडे. लाइनींचा वापर दाखवणारे एमआरटीजीचे हिरवे आलेख तीन चतुर्थांशांवर छान स्थिर झाले, फोनचे आवाज सुधारले, सगळ्यांनी पाठ थोपटली. त्या दिवशी आमच्याकडे एकही राखीव लाइन उरली नाही, आणि हे कुठल्याही आलेखात दिसत नव्हतं. ८ च्या लाइनीवर १२ चा भार मावत नाही, हे गणित पाचवीतल्या पोरालाही येतं. मला सुचलं नाही असं नाही. दुसरी लाइन जाईल तेव्हा बघू, असं मी मनाशी म्हटलं होतं.

सकाळी ११.४० (दोन तास पन्नास मिनिटं बाकी)

आमची ट्रॉली काट्यापासून सहावी. ओलावा तपासणारा माणूस कापसात हात घालून यंत्र खुपसायचा, बाबा त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. हैदराबादहून शिफ्टवरच्या इंजिनियरचा फोन आला. नव्यानेच लागलेला, करीमनगरकडचा पोरगा, मला अन्ना म्हणायचा. रात्रीची रेकॉर्डिंगं अजून लंडनला चढतायत, दुपारपर्यंत संपतील ना, एवढंच त्याला विचारायचं होतं. दोन्ही लाइनी हिरव्या आहेत, अन्ना, असं म्हणून त्याने ठेवला.

दुपारी १२.५८ (एक तास बत्तीस मिनिटं बाकी)

सिसिली आणि ट्युनिशिया यांच्यामधल्या समुद्रात, सिसिलीहून इजिप्तकडे जाणाऱ्या टप्प्यावर, सी-मी-वी-४ तुटली. तिथे सकाळ होती, जागतिक वेळेनुसार ७ वाजून २८ मिनिटं.

फ्रान्समधल्या मार्सेपासून सिंगापूरपर्यंत जाणारी ही केबल २००५ च्या अखेरीस सुरू झाली. भारतात ती मुंबई आणि चेन्नईला लागते. खोल समुद्रात अशी केबल बागेला पाणी घालायच्या पाइपाहून जाड नसते. आत केसासारख्या काचेच्या तारा, भोवती तांबं, पोलाद आणि प्लास्टिक. किनाऱ्याजवळ तिला जाड चिलखत घालतात, कारण तिथे नांगर आणि मासेमारीची जाळी असतात. काचेतून उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. त्यामुळे तिकडची तार तुटल्याची बातमी हैदराबादच्या राउटरपर्यंत पोहोचायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नसता. पण राउटर पापणीच्या हिशेबाने चालत नाही. दोन टोकांचे राउटर दर दहा सेकंदांनी एकमेकांना हाक देतात. चाळीस सेकंद हाक आली नाही, तर पलीकडचा गेला असं धरायचं. ते चाळीस सेकंद आमचा राउटर निम्मी पॅकेटं तुटलेल्या वाटेवर टाकत राहिला.

मग त्याने पहिली लाइन यादीतून काढली आणि सगळा भार दुसरीवर घातला. जे करायला त्याला सांगितलं होतं, ते त्याने नीट केलं.

दुपारी १.०३ (एक तास सत्तावीस मिनिटं बाकी)

पाच मिनिटांनी सी-मी-वी-३ गेली. जर्मनीपासून ऑस्ट्रेलिया आणि जपानपर्यंत पसरलेली, ३९,००० किलोमीटरची ही जुनी केबल भारतात मुंबई आणि कोचीला लागत असे. आमची कुठलीच लाइन तिच्यावर नव्हती, त्यामुळे आमच्या पडद्यावर काही बदललं नाही. पण पश्चिमेकडे जाणाऱ्या ज्यांच्या लाइनी तिच्यावर होत्या, ते सगळे आता उरलेल्या एका वाटेकडे वळत होते. आमच्याच वाटेकडे.

दुपारी १.१० (एक तास वीस मिनिटं बाकी)

दुसरा फोन. या वेळी पोराचा आवाज वेगळा होता. “अन्ना, एक नंबरची लाइन लाल आहे. विक्रेता म्हणतो समुद्रात काहीतरी झालंय.”

आमची ट्रॉली तिसरी होती. बाबांना म्हटलं, मला तासभर जावं लागेल. ते म्हणाले, “जा रे, वजनाला मी आहे की. तुझं तिकडचं बघ.” त्यांना माझं तिकडचं काय आहे ते नेमकं कधीच कळलं नव्हतं, पण माणूस घाबरलेला आहे हे ते बरोबर ओळखायचे. गांधी चौकाजवळ एक नेट कॅफे होता, पाच खोकी आणि एक डगमगता पंखा. कॅफेवाले चाचा मला लहानपणापासून ओळखत. त्यांनी कोपऱ्यातल्या खोक्यावर गेम खेळणाऱ्या पोराला उठवलं आणि मला बसवलं.

दूरच्या यंत्राशी बोलायच्या पुट्टी या प्रोग्रॅमची काळी खिडकी उघडली, हैदराबादच्या राउटरचा पत्ता टाकला आणि पासवर्ड विचारणारी ओळ लगेच आली. मला आजही त्या क्षणाचं नवल वाटतं. तीनशे किलोमीटरवरचा राउटर शेजारच्या टेबलावर असल्यासारखा बोलत होता. आदिलाबाद ते हैदराबाद वाट शाबूत होती. देशातल्या देशात सगळं चालू होतं. बाजूच्या खोक्यावरचा मुलगा मात्र ऑर्कुट उघडत नाही म्हणून माउस आपटत होता.

दुपारी १.१४ (एक तास सोळा मिनिटं बाकी)

याच सुमारास, हे मला नंतर वाचायला मिळालं, फ्रान्स टेलिकॉमने पहिला अंदाज मांडला होता. त्यांच्या जाळ्यातून फोनची जी वाहतूक त्या त्या देशाकडे जाते, तिची किती क्षमता बंद पडली याचे ते आकडे होते. मालदीव १०० टक्के. भारत ८२. कतार ७३, संयुक्त अरब अमिरात ६८, सौदी अरेबिया ५५, इजिप्त ५२, पाकिस्तान ५१. भारताचा आकडा ८२ झाला तेव्हा फ्लॅग अजून तुटायची होती.

दुपारी १.१५ ते १.३४

या एकोणीस मिनिटांत मी जे केलं ते माझ्या नोकरीतलं सर्वांत चोख काम होतं, असं मला अजून वाटतं.

अडीचला लंडन उघडणार. तोवर १२ चा भार ८ मध्ये बसवायचा. आधी रेकॉर्डिंगं थांबवली. साठवून ठेवलेले आवाज उद्या गेले तरी कोणाचं काही अडत नाही. मग ईमेलला जोडलेल्या मोठ्या फाइली आणि साहेब लोकांचे व्हिडिओ कॉल अडवले. एका फोनला, वेष्टणासकट, साधारण ३० केबीपीएस लागतात. दोनशे फोन म्हणजे ६ एमबीपीएस. गिऱ्हाइकाची माहिती दाखवणाऱ्या पडद्यांना दीड. साडेसात झाले. अर्धा हातात.

पण नुसतं बसून भागत नाही. लाइन ९४ टक्के भरली की रांग लागायला लागते, आणि आवाजाचं पॅकेट रांगेत अडकलं तर ते नंतर पोहोचून काही उपयोग नाही. म्हणून आवाजाला वेगळी रांग दिली, कायम पुढची. यार्डात आजारी माणसाची गाडी पुढे सोडतात तशी. पडद्यांना दुसरी रांग. बाकी सगळं मागे. दर ओळ टाकल्यावर मी थांबून हैदराबादच्या पोराला विचारायचो, आवाज कसा आहे? तो इकडून तिकडे चाचणीचा फोन लावायचा. स्वच्छ आहे, अन्ना.

१.३४ ला मी शेवटची ओळ टाकली आणि सगळं साठवलं. चाचांनी चहा आणून ठेवला होता, त्यावर साय धरली होती. मनात म्हटलं, निभावलं. नव्वद टक्के कामावर नाताळ काढू. मोठ्या कंपन्या अजून चाचपडत असतील आणि आमचे दोनशे फोन व्यवस्थित वाजतील.

दुपारी १.३६ (चोपन्न मिनिटं बाकी)

फ्लॅग तुटली.

पुट्टीच्या खिडकीत एक ओळ आली, पलीकडचा राउटर गेल्याची. मी ती दोनदा वाचली. मग राउटरला विचारलं की युरोपकडे जायच्या वाटा किती आहेत. उत्तरादाखल त्याने पुढची रिकामी ओळ दाखवली. वाटच नव्हती.

फ्लॅग युरोप-आशिया १९९७ मधली, इंग्लंडपासून जपानपर्यंत २८,००० किलोमीटर. ती, सी-मी-वी-३ आणि सी-मी-वी-४ या तीन केबलींचे मालक वेगळे, बांधणीची वर्षं वेगळी, विकणारे वेगळे. आमच्या दोन करारांवर दोन वेगळ्या कंपन्यांचे शिक्के. पण युरोपातून भारताकडे यायचं तर सिसिलीच्या खालून अलेक्झांड्रियाला जायचं, तिथून इजिप्तची जमीन ओलांडून सुएझला आणि मग तांबड्या समुद्रात उतरायचं. भूगोलाने तिघींनाही एकाच खिंडीत आणून सोडलं होतं, आणि अडतीस मिनिटांत त्या खिंडीत तिन्ही तुटल्या. कशाने, ते त्या दिवशी कोणालाच ठामपणे सांगता आलं नाही.

माझे एकोणीस मिनिटांचे नियम राउटरमध्ये जसेच्या तसे होते. त्यांतून जायला काही नव्हतं.

दुपारी १.४० ते २.२५

आधी विक्रेत्यांना फोन. पहिल्याने ऐकून घेतलं. दुसऱ्याने उचललाच नाही. पहिल्याला विचारलं, आमची लाइन पूर्वेकडून फिरवून देता का? करार काढून बघावा लागेल, म्हणाला. मला करार पाठ होता. लीज्ड लाइन दोन प्रकारे विकत मिळते. एका प्रकारात केबल तुटली तर विक्रेत्याने दुसऱ्या वाटेने क्षमता द्यायची असते, तिचा भाव जास्त. दुसऱ्यात तुटली तर तुटली, दुरुस्त होईल तेव्हा होईल. दोन लाइनी घेतल्यात तर प्रत्येकीला वेगळं संरक्षण कशाला, असं म्हणत आम्ही दोन्ही दुसऱ्या प्रकारच्या घेतल्या होत्या. लाइन एकच असती तर आम्ही संरक्षण नक्की घेतलं असतं.

उरलं साधं इंटरनेट. हैदराबादच्या कार्यालयात एक स्थानिक जोडणी होती, तिच्यावरून लंडनपर्यंत बंदिस्त बोगदा टाकायचा. अख्ख्या देशाची पश्चिमेची गर्दी त्या वेळी पूर्वेच्या केबलींवर लोटली होती. २.१२ ला बोगदा लागला. उत्तर किती वेळात येतं ते बघायला पिंग टाकला. एरवी दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास येणारं उत्तर चारशेच्या वर येत होतं, आणि दहातलं एखादं येतच नव्हतं. चाचणीचा फोन लावला. पलीकडून लंडनचा पहारेकरी काहीतरी बोलला. आम्हाला त्यातला फक्त शेवटचा शब्द कळला, आणि तोही आम्ही त्याच्या बोलण्यावर बोलल्यानंतर.

चाचांनी विचारलं, “बेटा, कुछ ज्यादा बिगड गया क्या?” मी मान हलवली.

दुपारी २.३०

लंडनला नऊ वाजले.

पोराने त्याचा मोबाइल खोलीत उंच धरला आणि म्हणाला, ऐका. अडीचनंतर आमच्या त्या मजल्यावर मोहोळासारखा आवाज असायचा. दोनशे माणसं एकाच वेळी नमस्कार करतायत, माफी मागतायत, नंबर परत वाचून दाखवतायत, असा. त्या दिवशी मला खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, कोणीतरी खोकलं, आणि कुठेतरी एसीची घरघर. दोनशे माणसं कानावर हेडफोन लावून बसली होती. तिकडे ब्रिटनमध्ये नाताळच्या आधीच्या शुक्रवारी लोक फोन लावत होते आणि त्यांना नुसती टेप ऐकू येत होती.

त्या दोनशेतली दोन मुलं आदिलाबादची होती. एक तामसीचा, एक जैनदचा. दोघांनी मराठी शाळेतून शिकून, हैदराबादेत खोली करून, आरशासमोर उभं राहून इंग्रजी उच्चार घोटले होते. तामसीच्या मुलाने मला फोन केला, “भाऊ, आम्ही बसूनच राहायचं का?” मी म्हणालो, बसून राहा.

संध्याकाळी ६.१०

यार्डात परत आलो तेव्हा आमचा कापूस वजन होऊन ढिगात मिसळला होता. बाबांच्या खिशात वजनचिठ्ठी होती. दुपारी एका काट्याचा पट्टा सरकला आणि तासभर सगळ्या गाड्या दुसऱ्या काट्यावर आल्या, असं त्यांनी सांगितलं. रांग रस्त्यापर्यंत गेली, पण वजन थांबलं नाही. सकाळपासून दोन्ही काटे अर्धे अर्धेच चालत होते, त्यामुळे एकाने ओढून नेलं.

मी ट्रॉलीच्या कडेला बसलो. ते वाक्य मला तेव्हा जसं लागलं तसं नंतर कुठल्या पुस्तकातलं लागलं नाही.

पुढचे दिवस

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ला सेन-सुर-मेरहून ‘रेमों क्रोझ’ हे दुरुस्तीचं जहाज निघालं, पन्नास तज्ज्ञ आणि वीस किलोमीटर जादा केबल घेऊन. सोमवारी सकाळी ते जागेवर पोहोचणार होतं. आधी सी-मी-वी-४ जोडायची, मग सी-मी-वी-३. पहिली २५ डिसेंबरपर्यंत आणि बाकी सगळं महिनाअखेरीस सुरळीत होईल, असं त्यांनी जाहीर केलं. हे काम कसं चालतं हे मी नंतर वाचलं: तळावर आकडा ओढत नेऊन केबलचं एक टोक वर घ्यायचं, तरंगत्या पिंपाला बांधून ठेवायचं, दुसरं टोक शोधायचं, मध्ये नवा तुकडा घालून केसासारख्या काचा एकेक करून वितळवून जोडायच्या. हलत्या जहाजावर, डिसेंबरच्या समुद्रात. त्या पन्नास माणसांबद्दल मला आदर वाटतो.

आम्ही तो आठवडा बोगद्यावर काढला. फेब्रुवारीत लंडनच्या कंपनीने काम काढून घेतलं. मंदीचं वर्ष होतं, दुसरीही कारणं असतील. तामसीचा मुलगा गावी परत आला.

आता

मीही काही वर्षांनी परत आलो. २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार तुकडे झाले, निर्मल, मंचिर्याल आणि आसिफाबाद वेगळे निघाले. उरलेल्या आदिलाबादेत काही कार्यालयं आणि दवाखाने यांच्या इंटरनेटचं काम मी बघतो. गाव राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आहे, उत्तरेला नागपूर दोनशे किलोमीटर, दक्षिणेला हैदराबाद तीनशे. दोन विक्रेत्यांच्या दोन लाइनी घेतल्या, एक नागपूरकडे, एक हैदराबादकडे. नकाशावर दोघींनी एकमेकींकडे पाठ फिरवलेली. यापेक्षा चांगली जोडी मिळणार नाही, असं वाटत होतं.

मग एका रविवारी मोटरसायकल काढली आणि रस्त्याकडेचे केबलचे खांब बघत निघालो. गावाबाहेरच्या एका ओढ्यावर छोटा पूल आहे. उतरून खाली गेलो. पुलाच्या बाजूला दोन लोखंडी पाइप, दोन वेगळ्या रंगांचे, एकाच पट्टीने आवळलेले. हैदराबादकडची लाइन गावातून आधी उत्तरेला येऊन, त्या पुलावरून पुढच्या केंद्रात जाऊन, मग दक्षिणेला वळत होती. पट्टीचा एक बोल्ट गंजून अर्धा झाला होता. मी त्याला हात लावून बघितला, तो हलत होता. खाली ओढ्यात परवाच्या पुराने आणलेलं एक झाड अडकलेलं होतं, पाइपापासून वीतभर खाली.

विक्रेत्यांकडे लेखी मागणी केली की लाइन कुठल्या रस्त्याने, कुठल्या पुलावरून, कुठल्या केंद्रातून जाते त्याचा नकाशा द्या. वेग आणि भाव सगळे विचारतात. वाट विचारणारं गिऱ्हाईक त्यांना नवं होतं. एकाने तीन महिन्यांनी दिला. आता हैदराबादची लाइन गावाच्या दक्षिणेकडूनच बाहेर पडते, आणि किनवट-नांदेडच्या बाजूने तिसरी एक छोटी घेतली आहे. सरकारलाही हे उशिरा का होईना उमगलं. २०२३ मध्ये भारतनेटचा जो सुधारित आराखडा मंजूर झाला, त्यात गावांना एका सरळ तारेने जोडण्याऐवजी कड्यासारखं दोन बाजूंनी जोडायचं ठरलं. समुद्रात मात्र खिंड तीच आहे: सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ केबली तुटल्या, भारतातलं इंटरनेट मंदावलं, आणि तुटलेल्यांत पुन्हा सी-मी-वी-४ होती.

भार मी आजही वाटतो. लाइनी दोन असतील तर प्रत्येक निम्मीच भरायची, तीन असतील तर दोन तृतीयांश. त्याच्या वर गेली की त्या महिन्यात वाढीव क्षमता मागायची, पैसे नसतील तर वापर कापायचा. हे दवाखान्याच्या डॉक्टरांना पटवताना मी त्यांना यार्डातले दोन काटे दाखवायला नेलं होतं.

आणि दर महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी, दुपारी १२ वाजून ५८ मिनिटांनी, मी यंत्रांच्या खोलीत जाऊन एका लाइनीची तार हाताने उपसतो. मग अडतीस मिनिटं स्टूल टाकून तिथेच बसतो, दवाखान्यातून कोणाचा फोन येतो का ते बघत. या महिन्यात पाळी नागपूरच्या लाइनीची आहे.